माझ्या यादीतली दोन नावे

त्या पोटनिवडणुकीचा निकाल किती मतांनी लागला तो आकडा मला आजही पाठ आहे. इथे तो लिहीत नाही. लिहिला तर साल कोणते, जागा कोणती आणि माणसे कोणती हे आमच्या भागातला कोणीही सांगेल. एवढेच सांगतो की आमच्या चाळीत आणि समोरच्या दोन चाळींत मिळून जेवढी माणसे राहत, त्यांच्यापेक्षा तो आकडा लहान होता. विधानसभेच्या जागेला एवढा फरक म्हणजे काहीच नाही. आणि त्यातले एक मत कोणाचे होते हे मला माहीत होते.

सत्तरचे दशक सरत आले होते. मी पंचेचाळिशीला टेकलो होतो आणि जमीनमोजणीच्या एका कचेरीत कारकून होतो. नाशिकरोडला बैठ्या चाळीत दोन खोल्या, मागे मोरी आणि मोरीपलीकडे कमरेएवढी भिंत. कचेरीत माझे काम पोटहिश्श्यांचे क्षेत्र तपासण्याचे. एका गटाचे पाच वाटे पडले तर पाचांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळली पाहिजे. जुळली की साहेब सही करत. आत कोणाचा बांध कोणाच्या रानात सरकला आहे हे बेरीज सांगत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत एवढे तरी मला कळायला हवे होते.

त्या वर्षीच्या श्रावणात माझी पत्नी गेली. मूत्रपिंडाचा आजार होता, सात महिने चालला. मुलगी एकोणीस वर्षांची, पुण्याला नर्सिंगच्या वसतिगृहात. दिवस झाल्यावर तीही परत गेली आणि घरात मी राहिलो. दूध अर्ध्या लिटरचे पाव लिटर केले. चहाला मात्र दोन कप पाणी ठेवण्याची सवय बरेच दिवस गेली नाही. जास्तीचा कप मी टाकून देत नसे, थंड झाल्यावर पीत असे. एका रविवारी मी दिवसभरात बोललेले शब्द मोजले. दूधवाल्याशी चार, पेपरवाल्याशी दोन, आणि संध्याकाळी भिंतीपलीकडच्या शेजारणीशी तीन: "ठेवा तिथे. धुऊन देतो." यातला "देतो" धरला तर चार.

ही शेजारीण माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी होती. मूळची सिन्नरकडची, बौद्ध कुटुंबातली, नवरा जाऊन दहा वर्षे झालेली. घरी विड्या वळून तिने दोन मुली वाढवल्या आणि लग्ने करून दिली. मी तिला ताई म्हणत असे, ती मला भाऊसाहेब. माझ्या पत्नीशी तिचे फार जमे. दुपारी दोघी ओट्यावर बसत. ताईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. पत्नीच्या हातात निवडायचे धान्य. काय बोलत ते मी कधी ऐकले नाही, कारण मी त्या वेळी कचेरीत असे. पत्नी गेल्यावर ताई रोज संध्याकाळी त्या भिंतीवर भाजीची एक वाटी ठेवी. कधी डाळ असे, कधी नुसता ठेचा. मी वाटी धुऊन सकाळी परत ठेवत असे. आमचा व्यवहार एवढाच होता.

त्याच हिवाळ्यात मतदारयाद्यांची फेरतपासणी निघाली आणि आमच्या भागाचे काम माझ्याकडे आले. घरोघर जायचे, कार्डावर नावे लिहायची, मयत आणि गाव सोडून गेलेले खोडायचे, एकवीस पूर्ण झालेले वाढवायचे. घराला कुलूप असेल तर तीन खेपा मारायच्या. तिसऱ्या खेपेलाही कोणी भेटले नाही तर शेजाऱ्यांना विचारून निर्णय घ्यायचा. मी हे काम मनापासून केले. घरी बसण्यापेक्षा ते बरे होते. लोक पाणी देत, बसायला सांगत, कोणाच्या मुलाचे वय किती यावर नवरा-बायको माझ्यासमोर भांडत. त्या दोन महिन्यांत मी जेवढा लोकांत बसलो तेवढा त्याआधी आणि त्यानंतर कधी बसलो नाही.

ताईच्या घराला कुलूप होते. धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी ती मनमाडला गेली होती. जाताना मला सांगून गेली होती, "सव्वा महिन्यात येते. तोवर कुंडीला पाणी घाला." पण बाळ अशक्त निघाले, आणि सव्वा महिन्याचे तीन महिने झाले. मी तीन खेपा मारल्या. माझ्या दारापासून तिचे दार सात पावलांवर, तरी तीन वेगवेगळ्या तारखांना वही घेऊन गेलो, कुलूप पाहिले आणि तारीख लिहिली. मग प्रश्न आला शेजाऱ्यांना विचारण्याचा. शेजारी मीच होतो. मला ती येणार हे ठाऊक होते. पण माझ्याच शब्दावर माझ्याच शेजारणीचे नाव ठेवले तर उद्या कोणी म्हणेल, कारकुनाने ओळखीत सूट दिली. म्हणून मी समोरच्या घरी विचारले. तिथल्या बाई म्हणाल्या, आता कशाला येते ती, लेकीकडेच राहील, नातू झालाय. मी कार्डावर "स्थलांतरित" असे लिहिले आणि नाव खोडले. तेव्हा मला स्वतःचे कौतुक वाटले होते, हेही लिहितो.

सर्वांत शेवटी माझे घर. तिथे मी एकच खेप मारली. संध्याकाळी टेबलाशी बसून कार्ड पुढे घेतले. वर माझे नाव उतरवले. खाली मागच्या यादीत होते ते दुसरे नाव. "मयत" हा शब्द मी त्या दोन महिन्यांत सव्वीस नावांपुढे लिहिला होता, हात कुठे अडखळला नव्हता. इथे मी ते नाव जसेच्या तसे खाली उतरवले. मनाशी म्हटले, आत्ता लिहून ठेवू, उद्या सकाळी खोडू. सकाळी सगळी कार्डे बांधून कचेरीत देऊन आलो.

माझ्या भागात नऊशे बारा नावे भरली. पर्यवेक्षकांनी बेरीज तपासली, ती बिनचूक होती. जिवंत मतदार प्रत्यक्ष मोजले असते तरी नऊशे बाराच भरले असते. एक नाव जास्त होते, एक कमी.

ताई फाल्गुनात परत आली आणि भिंतीवर वाटी पुन्हा दिसू लागली. तोवर अंतिम यादी लागली होती. एक अर्ज भरून तिचे नाव वाढवता आले असते. पण त्यासाठी तिला सांगावे लागले असते की ते मी खोडले. सांगू, निवडणूक अजून दूर आहे, असे मी ठरवले. पुढचे वर्ष तसेच गेले. आणि मग आमचे आमदार अचानक वारले.

पोटनिवडणूक एकतर्फी होणार हे सगळ्यांनी धरून टाकले होते. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर तर पैज लावायला कोणी मिळेना. आमच्या कचेरीतला एक शिपाई म्हणाला होता, हरणाऱ्याने अर्ज भरताना अनामत रकमेला शेवटचा नमस्कार करून घ्यावा. प्रचारही अंगात आल्यासारखा झाला नाही. द्राक्षांची तोडणी, कांद्याची लावणी, कारखान्याच्या पाळ्या, लोकांना कामे होती.

मतदानाच्या दिवशी मी दुपारी तीनच्या सुमारास शाळेत गेलो. रांग नव्हती. पहिल्या टेबलावरच्या माणसाने माझा क्रमांक मोठ्याने वाचला, नाव वाचले आणि नावाखाली रेघ ओढली. त्याच्या पुढ्यातली यादी माझ्याच हाताने झालेली, त्यामुळे उलटीही मला वाचता येत होती. माझ्या खालच्या नावाखाली आधीच रेघ होती. डाव्या बाजूला बारीक खूणही होती. बायकांनी मत दिले की रेघेबरोबर तशी खूण करतात.

मी तिथेच पाहत राहिलो असेन. तो माणूस सहज म्हणाला, "तुमच्या मंडळी सकाळीच येऊन गेल्या की."

दीड वर्षात पत्नीविषयी ती हयात असल्यासारखे कोणी बोलले नव्हते. मी "हो" म्हणालो. पुढच्या टेबलावर बोटाला शाई लावून घेतली, मत दिले आणि घरी आलो. सांगायचे झाले असते तर तिथेच, त्या क्षणी सांगायला हवे होते. पण ती मेली हे सांगताना यादीत तिला कोणी ठेवले हेही सांगावे लागले असते. आणि खरे सांगायचे तर, ती सकाळी घरातून निघून शाळेपर्यंत गेली आणि परत आली, असे मला शाळेपासून चाळीपर्यंतच्या रस्त्यात वाटत राहिले. साधारण सहाशे पावले.

त्या संध्याकाळी भिंतीवर वाटी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी कचेरीला निघताना ताई ओट्यावर विड्या वळत बसलेली दिसली. पान गुंडाळून टोक आत दुमडताना तिच्या डाव्या हाताचे बोट वर आले आणि मला त्यावर शाईची काळी रेघ दिसली. त्या बोटावर शाई असायला नको होती. तिचे नाव यादीत नव्हते, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढे गेलो.

मतमोजणीचा निकाल दुपारपर्यंत येईल असे सगळे म्हणत होते. संध्याकाळ झाली तरी येईना. कचेरीतली माणसे रेडिओभोवती उभी होती. एका फेरीत एक पुढे, दुसऱ्या फेरीत दुसरा. मग फेरमोजणी मागितली असे कळले. शिपाई रेडिओची कळ फिरवत होता. ज्याला सगळे जिंकलेला धरून चालले होते तोच अखेर जिंकला, पण एवढ्या थोड्या मतांनी की फटाके वाजवणाऱ्यांनाही लाज वाटावी. लोक आश्चर्य करत होते. मी फक्त त्या आकड्यातून एक वजा करून पाहत होतो, मग एक मिळवून, मग दोन वजा करून. निकाल कशानेच फिरत नव्हता. तरी मी तो हिशेब अनेकदा केला.

आठवड्याने हरलेल्या बाजूचा एक कार्यकर्ता माझ्याकडे आला. पन्नाशीचा, सभ्य माणूस होता. खांद्याच्या पिशवीत यादीची प्रत. चहा झाल्यावर तो मुद्द्यावर आला. ज्यांच्या नावावर मत पडले आहे पण जे हयात नाहीत, अशी नावे ते घराघरांतून गोळा करत होते. ती फरकाएवढी भरली की न्यायालयात जायचे ठरले होते.

"भाऊसाहेब, तुमचं दुःख उकरायचं जिवावर येतं," तो म्हणाला. "पण वहिनी गेल्या त्याला दीड वर्ष झालं. आणि मत पडलंय. तुम्ही प्रतिज्ञापत्र दिलं तर बाकीचं आम्ही बघू. मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे उरते त्या स्थळप्रतीवर सही नाही, अंगठा आहे म्हणतात. तो अंगठा कोणाचा ते न्यायालय काढेल."

माझी पत्नी सही करत असे, चांगली वळणदार. मी त्याला म्हणालो, उद्या या.

तो गेला आणि थोड्या वेळाने ताई मागच्या भिंतीशी येऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात भिंतीवर ठेवले होते.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "भिंत काय जाड नाय आपली. तुम्ही करा सही. माझ्यापायी खोटं लिहू नका."

मग तिने सगळे सांगितले. सकाळचे काम टाकून ती शाळेपाशी गेली. चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोरांनी दोनदा यादी चाळली, तिचे नाव सापडेना. मग एकाने चाळीचा नंबर विचारला आणि म्हणाला, या चाळीत इथे एक बाई आहे, याच का तुम्ही? त्याने नाव वाचले.

"मी हो म्हणाले. माझे वडील सांगायचे, एक दिवस चूल नाय पेटली तरी चालंल, मत चुकवायचं नाय. आजवर एक चुकलं नव्हतं." तिने पदर खोचला. "माझं नाव कुणी कापलं ते त्या पोरांनी नाय सांगितलं. पण वह्या घेऊन कोण हिंडत होतं ते चाळीला ठाऊक हाय. जित्या बाईचं खोडलंत आन् वहिनींचं ठेवलंत. ठेवलंत ते मला कळलं. माझं का खोडलंत ते नाय कळलं."

मी कारण सांगितले. तीन खेपा, तीन तारखा, समोरच्या बाई, ओळखीत सूट. बोलताना माझे मलाच ते खोटे वाटायला लागले, आणि त्यातला एकही तपशील खोटा नव्हता.

"मला विचारायचं तरी एक कार्ड टाकून. मनमाडला पोस्ट हाय की." एवढेच ती म्हणाली, आवाज न चढवता. मग वळता वळता थांबली. "एक सांगते. आडोशाला गेले, शिक्का हातात घेतला आन् हात थांबला. नाव वहिनींचं, तर मत माझं कसं? मग त्यांच्या मनातलं दिलं. माझं मत राहिलंच."

मला विचारल्याशिवाय राहवले नाही. "तिच्या मनात कोण होतं?"

"वीस वर्षं संसार तुम्ही केला, आन् मला विचारता?"

मी खरेच कधी विचारले नव्हते. मत गुप्त असते, म्हणून आम्ही बरोबर चालत शाळेत जाऊन, बरोबर चालत परत येऊन त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. असे आणखी किती विषय असतील ज्यांवर ती फक्त त्या ओट्यावर बोलली, याचा अंदाज मला तेव्हा पहिल्यांदा आला.

ताई जरा हसली. "गुप्त असतंय ते, भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी तो कार्यकर्ता आला. मी कागद तयार ठेवला होता. पत्नी कोणत्या तारखेला वारली ते त्यात होते. तिचे नाव यादीत माझ्या हातून राहिले, इतर कोणाचा दोष नाही, हे होते. मत कोणी दिले ते मी पाहिलेले नाही, हेही लिहिले होते. ते खरे होते. पूर्ण खरे नव्हते. आयुष्यात मी जेवढे कागद लिहिले त्यांत एवढा एकच असा आहे.

त्याने तो दोनदा वाचला आणि परत माझ्या पुढ्यात ठेवला. काल रात्री त्यांनी सगळी नावे मोजली होती. फरकाच्या निम्मीसुद्धा भरली नव्हती. वकील नको म्हणाले होते.

"तुमचा कागद तुमच्यापाशीच राहू द्या," तो म्हणाला. "उगीच नोकरीला डाग कशाला."

तो गेला, आणि आता कोणालाच काही लिहून द्यायची गरज उरली नाही. यादी तशीच चालली असती. माझे नाव, खाली तिचे नाव, पाच वर्षे, कदाचित दहा. दोन दिवस मी तो कागद टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत जेवलो. तिसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निवडणूक शाखेत गेलो. मी दिलेल्या यादीत दोन चुका आहेत, एक हयात बाई खोडली आणि एक मयत ठेवली, असे लेखी दिले. तिथले साहेब वैतागले.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं का? बेरीज तर बरोबर आहे तुमची."

त्यांनी मला लेखी ताकीद दिली. ती माझ्या सेवापुस्तकात लागली आणि निवृत्तीपर्यंत राहिली. मग दोन छापील नमुने हातात ठेवले, एक नाव वाढवण्याचा आणि एक वगळण्याचा. पहिला लगेच भरला. ताईचे वय, पत्ता, सगळे मला पाठ होते. अंगठा तिचा नंतर घेतला. दुसऱ्यात एक रकाना होता, अर्जदाराचे त्या व्यक्तीशी नाते. मी "पती" लिहिले. पुढे कारणाचा रकाना होता. तिथे सत्ताविसाव्यांदा तो शब्द लिहिला. कारकुनाने शाई वाळायची वाट पाहिली नाही, वर दुसरा अर्ज ठेवला.

संध्याकाळी भिंतीवर वाटी होती. मेथीची भाजी, मीठ जरा जास्त.

पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीला नवी यादी आली तेव्हा माझ्या नावाखाली ताईचे नाव होते. पुढचे घर तिचे, म्हणून क्रमाने तेच यायचे. मी दुपारी गेलो तेव्हा त्याखाली रेघ आणि डावीकडे खूण झालेली होती. टेबलावरचा माणूस दुसराच होता, त्याने फक्त माझा क्रमांक वाचला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. विडीचे टोक दुमडताना पान फाटू लागले तसे तिने काम सोडले. मनमाडची लेक येऊन ऑपरेशनपुरते म्हणून घेऊन गेली. जाताना ताईने कुंडीला पाणी घालायला सांगितले. माझी मुलगी तोवर लग्न होऊन दूर गेली होती. मी चहाला एक कप पाणी ठेवायला शिकलो होतो.

चार महिन्यांनी फेरतपासणीचा कारकून आमच्या चाळीत आला. त्याने माझे कार्ड भरले, एकच नाव. मग शेजारच्या कुलपाकडे पाहून विचारले, इथे कोणी राहते का.

"एक बाई राहतात. मनमाडला गेल्यात, डोळ्यांच्या ऑपरेशनला. येतील."

"नक्की? समोरच्या म्हणतात, आता येत नाहीत म्हणून. खोडून टाकू का?"

"तुमची ही कितवी खेप?"

"पहिली."

"मग अजून दोन आहेत," मी म्हणालो.

त्याने वहीत तारीख लिहिली आणि तो पुढच्या घरी गेला. मी त्याच दिवशी पोस्टात जाऊन मनमाडच्या पत्त्यावर कार्ड टाकले. डोळे कसे आहेत, कधी येता, यादीचे काम चालू आहे. दुसऱ्या खेपेला तो आला तेव्हा उत्तर आलेले नव्हते. तिसऱ्या खेपेची तारीख मी त्याला विचारून घेतली आणि त्या दिवसाची रजा टाकली.